निजवेळची घटका

मुलाला निजवणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी घरगुती मानली गेली आहे की, तिच्याविषयी विचारपूर्वक लिहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. मुलाचा आहार, त्याचे दुखणेखुपणे, त्याची शाळा, त्याचे पाठांतर यांची चर्चा आपण हौसेने करतो. परंतु दिवस मावळल्यावर मूल कुशीत येते आणि जागेपणाचा उंबरठा ओलांडून झोपेत जाते, त्या अल्पशा वेळात नेमके काय घडते, याचा विचार दमल्याभागल्या आईवर किंवा आजीवर सोपवून आपण मोकळे होतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना मात्र हा विचार असा दुसऱ्यावर टाकणे परवडणारे नाही.

त्याचे कारण उघड आहे. आपल्या मुलांचा दिवस बहुतांशी इतर भाषांच्या स्वाधीन असतो. शाळेत बहुधा इंग्रजी, अंगणात व बाजारात हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजराती, असा त्यांचा वाग्व्यवहार चालतो. घरात मराठी असते; पण दिवसभरातील ही मराठी प्रायः हुकुमांची असते. ऊठ, दात घास, लवकर जेव, दप्तर भर! केवळ आज्ञार्थी क्रियापदांवर कोणतीही भाषा फार काळ जगत नाही. झाले-गेले सांगावे, नसलेल्या गोष्टींची कल्पना करावी, मनातील भय बोलून दाखवावे, रुसावे आणि समजूत काढून घ्यावी, हे सारे जिच्यात होते तीच मुलाची खरी भाषा. असे निवांत बोलणे आजच्या धावपळीच्या घरात एकाच वेळी शक्य होते, आणि ती वेळ म्हणजे अंथरुणावरची.

जुन्या कालगणनेत चोवीस मिनिटांची एक घटका होते. मुलाला निजवण्यास साधारणतः तेवढाच अवधी पुरतो. म्हणून या वेळेला आम्ही निजवेळची घटका असे म्हणतो. या घटकेचे सामर्थ्य गोष्टीच्या निवडीपेक्षाही ठरलेला क्रम, ओळखीचा आवाज आणि तेच ते शब्द यांच्या नित्य पुनरावृत्तीत आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. तसेच, भाषाप्रेमाच्या भरात आपण या वेळेची शिकवणी केली, तर मुलाची निश्चिंतताही जाईल आणि तिच्याबरोबर भाषाही जाईल, असा इशाराही देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वीच्या मराठी घरात असा क्रम कोणी मुद्दाम आखलेला नसे. तो दिनचर्येतच होता. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोती म्हणायची, मग परवचा, म्हणजे पाढे, तिथी, वार, नक्षत्रे यांची उजळणी करायची. त्यानंतर जेवण. मग माजघरात अंथरुणे पडत आणि आजीच्या एका अंगाला एक व दुसऱ्या अंगाला दुसरे नातवंड अशी व्यवस्था लागे. समईचा किंवा कंदिलाचा उजेड मंद होत जाई, तसतसे घरातले आवाजही मंद होत जात. संध्याकाळपासून झोपेपर्यंत मूल एकेक पायरी उतरत येत असे. आज या पायऱ्या मोडल्या आहेत. विजेच्या दिव्यांनी संध्याकाळ पुसून टाकली. रात्री दहा वाजताही दिवाणखान्यात भर दुपार असते. तेथून मुलाला उचलून एकदम अंथरुणावर टाकायचे आणि 'झोप आता' म्हणायचे, हा पायऱ्या नसलेल्या माडीवरून उडी मारायला सांगण्यासारखाच प्रकार आहे.

शरीरशास्त्राची साक्षही हेच सांगते. अंधार पडू लागला की मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचा स्राव वाढू लागतो आणि रात्र झाल्याची वर्दी तो शरीराला देतो. प्रखर प्रकाशाने तो दबतो. लहान मुलांच्या डोळ्यांतील बाहुली मोठी व भिंग अधिक स्वच्छ असल्यामुळे हा परिणाम त्यांच्यावर मोठ्यांपेक्षा जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. दोन वर्षांच्या आतील मुलाने दूरचित्रवाणी किंवा मोबाईलचा पडदा पाहत बसू नये, आणि त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक पाहू नये, असेही त्यात सांगितले आहे. तेव्हा निजवेळेच्या आधी तासभर दिवे मंद करणे आणि पडदे बंद करणे ही या घटकेची पहिली तयारी होय.

क्रमाचे महत्त्वही पारखले गेले आहे. लहान मुले असलेल्या सुमारे ४०० मातांचा एक अभ्यास अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक वेळी आंघोळ, मग अंगाला हलके चोळणे, मग कुशीत घेणे किंवा अंगाई म्हणणे यांसारखे काही शांत कर्म, एवढा साधा तीन पायऱ्यांचा क्रम काही मातांनी दोन आठवडे पाळला. त्यांची मुले लवकर झोपी जाऊ लागली, रात्री कमी वेळा जागी होऊ लागली, आणि विशेष म्हणजे त्या मातांची मनःस्थितीही सुधारली. आपल्या घरांना यात नवे काय आहे? न्हाऊमाखू घालणे, तळपायांना तेल चोळणे, मांडीवर घेऊन थोपटणे, हेच ते तीन टप्पे. आपण सोडून दिलेली रीत दुसऱ्यांनी मोजमाप करून परत हाती दिली, इतकेच.

परंतु शरीरापेक्षाही मनाचा प्रश्न नाजूक आहे. मोठ्या माणसाला झोप ही विश्रांती वाटते. लहान मुलाला ती ताटातूट वाटते. डोळे मिटले की आई दिसेनाशी होते. ती पुन्हा दिसेल याची खात्री दोन-तीन वर्षांच्या जिवाला अनुभवानेच यावी लागते. पाणी मागणे, पुन्हा लघवीला जाणे, 'अजून एकच गोष्ट' म्हणणे या युक्त्यांना आपण लबाडी समजतो. वस्तुतः त्या निरोप लांबवण्याच्या धडपडी असतात. रोज तोच क्रम, त्याच शब्दांनी निरोप आणि रोज सकाळी तोच चेहरा समोर, हे शेकडो वेळा घडले म्हणजे मुलाच्या मनात विश्वासाचे जोते बांधले जाते. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध निबंधात, मूल एखादी मऊ वस्तू सतत जवळ का बाळगते याचे विवरण केले आहे. ती वस्तू आई नव्हे आणि केवळ वस्तूही नव्हे. आईपासून जगाकडे जाताना हाती धरलेला तो आधार असतो. आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी ज्याने पांघरली आहे, त्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अशी गोधडी विटली, फाटली तरी मुलाच्या संमतीवाचून टाकू नये, आणि धुवायची तर झोपेच्या आत वाळेल अशी धुवावी.

अंगाईचे कार्यही याच जातीचे आहे. येथे पाळणा आणि अंगाई यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. पाळणा हा बारशाला चारचौघींत म्हटला जातो. त्यात रामाचा, कृष्णाचा, शिवरायांचा जन्म गाइला जातो आणि त्याला श्रोतृवर्ग असतो. अंगाईला श्रोता एकच, आणि तोही झोपेकडे निघालेला. म्हणून तिच्यात अर्थाला गौण स्थान आहे. हार्वर्ड येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील तान्ह्या मुलांना अनोळखी भाषांतील गाणी ऐकवली. अंगाईगीते ऐकताना त्यांच्या हृदयाची गती इतर गाण्यांच्या मानाने अधिक मंदावली. शब्द कळण्यापूर्वी लय कळते, हा याचा अर्थ. ज्यांना गळा नाही त्यांनी म्हणूनच संकोच करू नये; मुलाला सुरेलपणाची अपेक्षा नसते.

तथापि यंत्रातून लावलेली अंगाई या आवाजाची जागा घेऊ शकत नाही. थोपटणारा हात मुलाच्या श्वासाचे ऐकत असतो. श्वास लांबला की थोपटणे संथ होते. मूल चुळबुळले की ते पुन्हा किंचित वेग घेते. अखेर हात नुसता टेकून राहतो. दोन जिवांचे हे मूक संभाषण आहे. यंत्र आपल्या गतीने गाते आणि मूल झोपले तरी पुढचे गाणे सुरू करते. परगावी असलेल्या आजीचा आवाज ऐकवायचा असेल तर अवश्य ऐकवावा. पण तो दिवसा, आणि शक्य तर प्रत्यक्ष बोलणे घडवून.

आता गोष्टीकडे वळू. शिक्षकांना वाटते की, रोज नवी गोष्ट सांगितली तर मुलाची शब्दसंपत्ती वाढेल. मुलांचे मत निराळे असते. त्यांना कालचीच गोष्ट हवी असते, तीही शब्द न बदलता. या बाबतीत मुलांचे म्हणणे बरोबर ठरले आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात २०११ साली झालेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या काही मुलांना तीच गोष्ट पुनःपुन्हा वाचून दाखवली, तर काहींना तेच नवे शब्द असलेल्या वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या लक्षात ते शब्द अधिक चांगले राहिले. पुढे काय होणार हे ठाऊक असले की मुलाचे लक्ष शब्दांकडे वळायला मोकळे होते.

चिमणी-कावळ्याची आपली गोष्ट या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा भिजत चिमणीच्या दाराशी येतो. दार उघडण्याऐवजी चिमणी एकेक सबब सांगते : बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, काजळ-तीट लावायची आहे, बाळाला निजवायचे आहे. या सबबी म्हणजेच बाळाच्या संगोपनाचा क्रम होय! बाहेर पाऊस, आत ऊब. बाहेर थांबलेला परका, आत आईच्या हाती असलेले पिलू. ऐकणारे मूल स्वतःला त्या पिलाच्या जागी ठेवते, आणि गोष्टीतले पिलू निजते तेव्हा तेही निजायला तयार होते. ज्या कोणा अनामिक आज्यांनी ही गोष्ट घडवली, त्यांनी निजवेळेची सारी रीत तिच्यात साठवून ठेवली आहे. काही घरांत तिचा शेवट कावळ्याला चटका बसण्यात होतो, काही घरांत चिमणी त्याला आत घेते. कोणता शेवट सांगावा हे आपल्या मुलाकडे पाहून ठरवावे. पण एकदा ठरवलेला शेवट सहसा बदलू नये.

गोष्टीतून बोध द्यावा काय, हा प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचा प्रयोग करणारे गिजुभाई बधेका यांनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर गुजरातीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि आनंद हाच गोष्टीचा प्रमुख हेतू मानला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे विचार मराठीत रुजवले. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ सालची आहे. मराठी व गुजराती यांच्या शेजारातून जन्मलेला हा वारसा आपल्याला जवळचा वाटला पाहिजे. निजवेळच्या गोष्टीनंतर 'यावरून काय शिकलास?' असे विचारू नये. 'चिमणीचे घर कशाचे होते?' अशी परीक्षाही घेऊ नये. विशेषतः भाषेच्या चुका त्या वेळी सुधारू नयेत. इंदूरचे मूल 'मी झोपून राहिलो आहे' म्हणाले, तर आईने सहज 'झोपतोस ना? झोप हो' असे म्हणावे. शुद्ध रूप कानावर पडले, आणि मुलाला आपण चुकलो असे वाटलेही नाही. अंथरुणावर जी भाषा लाज देते, ती भाषा मूल दिवसाही टाळू लागते.

भयाविषयीही हेच. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' या धमकीने मूल डोळे मिटते. पण ते भीतीने मिटते. जी वेळ विश्वास देण्याची, तिच्यातच आपण संशय पेरतो, आणि तोही आपल्या मातृभाषेत.

आता थोडे प्रत्यक्ष व्यवहाराविषयी. वेळ ठरलेली असावी. सुट्टीच्या दिवशीही ती फार हलू नये. हातपाय धुणे, कपडे बदलणे, पायांना तेल लावणे हे आधी उरकावे. अंथरूण घालताना मुलाच्या हाती त्याची उशी द्यावी. झोप ही लादलेली शिक्षा नसून आपणही जिच्या तयारीत भाग घेतला अशी गोष्ट आहे, हे त्याला त्यातून कळते. मग दिवा मंद करून दिवसाचे बोलणे व्हावे : आज काय गंमत झाली, कोण रागावले, कशाने रडू आले. येथे आपण कमी बोलावे. मुलाने ते हिंदीत किंवा कानडीत सांगितले तरी थांबवू नये. आपण मराठीत उत्तर दिले म्हणजे झाले. त्यानंतर एक गोष्ट. एक म्हणजे एकच, हे आधी सांगावे आणि पाळावे. मग अंगाई आणि थोपटणे. शेवटी निरोपाचे एखादे वाक्य, प्रत्येक घराचे आपले वेगळे, रोज तेच. हे सर्व चोवीस मिनिटांत बसते. एखाद्या दिवशी पाहुणे आले, प्रवास घडला, तर क्रमातील काही गाळावे लागेल. पण निरोपाचे ते वाक्य गाळू नये.

हे काम आईनेच करावे असा आमचा आग्रह नाही. उलट, आई-वडील दोघेही नोकरी करतात अशा घरात वडिलांनी ही घटका स्वतःकडे घेतली तर दिवसभर न भेटलेले बापलेक तेथे भेटतात. आपल्या कित्येक घरांत आता दोन मातृभाषा नांदतात. आई तेलुगू, वडील मराठी. किंवा आई मराठी आणि वडील गुजराती. अशा घरी भाषेवरून ओढाताण करण्याचे कारण नाही. हिंदीची लोरी, गुजरातीचे हालरडे, कन्नडचे जोगुळ आणि मराठीची अंगाई या एकाच घरच्या लेकी आहेत. आईने आपल्या भाषेत गावे आणि वडिलांनी मराठीत गोष्ट सांगावी. ज्या माणसाची जी भाषा ती त्याच्या आवाजाशी जोडली गेली की मूल दोन्ही भाषा सहज पेलते. गोव्यात घरची बोली कोकणी आणि भजनाची, वाचनाची भाषा मराठी अशी वाटणी अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालवली आहे. तेच शहाणपण येथेही उपयोगी पडेल.

आपल्या वाङ्मयालाही या वेळेची ओढ आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा तिच्या भागांना त्यांनी प्रकरणे म्हटले नाही, रात्री म्हटले. अशा ४२ रात्री त्या पुस्तकात आहेत. आईची आठवण सांगायची तर ती रात्रीच, ऐकणारे भोवती बसलेले असताना, हे त्यांना आपोआप सुचले असावे. मराठीतील छापील बालवाङ्मयाचा आरंभ ज्या 'बालबोधमुक्तावली'पासून मानतात, ते इसापाच्या गोष्टींचे पुस्तक १८०६ साली तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने निघाले, हेही आपण विसरू नये. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ प्रदेशात, कोणाला तरी मराठी मुलांसाठी गोष्टी हव्याशा वाटल्या.

आपल्या वाङ्मयसभांनी या बाबतीत एक लहानसे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. आपापल्या केंद्रातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून त्यांच्या घरी सांगितल्या जाणाऱ्या निजवेळच्या गोष्टी, अंगाया आणि निरोपाची वाक्ये त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. त्यांत हैदराबादी वळण असेल, बेळगावी हेल असेल, माळव्यातले शब्द असतील. ते सुधारू नयेत. हा संग्रह तरुण आईबापांच्या हाती द्यावा, तो मुलांना ऐकवण्यासाठी नव्हे, तर त्यांनी तो स्वतः वाचून आपल्या आवाजात सांगावा यासाठी. स्पर्धा आणि पारितोषिके यांची यात काही आवश्यकता नाही.

लिपी शाळेत शिकता येते, व्याकरण मोठेपणीही शिकता येते, आणि साहित्याची गोडी एखाद्या चांगल्या शिक्षकामुळे चाळिशीतही लागते. मात्र डोळे मिटताना कानाशी जी भाषा होती, तिच्याबद्दलची निर्धास्त जवळीक नंतर कोठेही मिळवता येत नाही. ती देण्याचा अवधी फार थोडा आहे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की ते स्वतःच पुस्तक हाती घेऊन कुशीवर वळते. तोवर रोज एक घटका आपल्या हाती आहे.